तीनचा शो

"बेटा, रोना है कि हँसना है?"

तिकिटाच्या खिडकीशी काकूंचा हा पहिला प्रश्न असायचा. सिनेमाचं नाव नाही, त्यात कोण आहे ते नाही, किती लांब आहे तेही नाही. काउंटरवरची मुलगी नवी असली तर गोंधळून माझ्याकडे बघायची. जुनी असली तर हसून म्हणायची, "आंटी, पहले हँसना, बाद में थोड़ा रोना." मग काकू पर्समध्ये रुमाल आहे ना ते चाचपायच्या आणि मला म्हणायच्या, "चल. बाकीचं आत कळेल."

सिनेमाचं वेड असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणता सिनेमा कोणी लिहिला, कोणत्या साली आला, कोणत्या गाण्याला संगीत कोणाचं, सगळं त्यांना पाठ असतं. काकू तसल्या नव्हत्या. त्यांना सिनेमाची नावंसुद्धा लक्षात राहायची नाहीत. "तो बघ, ज्यात ती निळी छत्री घेऊन स्टेशनवर उभी राहते, आणि आपण कचोरी खाल्ली होती तो," अशी त्यांची आठवण. छत्री पडद्यावरची आणि कचोरी आमच्या हातातली, पण काकूंच्या हिशेबी दोन्ही त्याच सिनेमात असायचं.

मी बँकेत आहे. बदली होऊन लखनौला आले तेव्हा माझ्या ओळखीचं इथे कोणी नव्हतं. कोणीतरी सांगितलं, विकास नगरमध्ये एका मराठी घराचा वरचा मजला रिकामा आहे. मी बघायला गेले. दार उघडलं ते काकूंनी. हातात रिमोट, आतून जुन्या सिनेमाचा आवाज. "थोडं थांब हं, तिचा नवरा परत यायचा आहे," म्हणून मला तशीच सोफ्यावर बसवलं. पडद्यावरचा नवरा परत आला, काकूंनी डोळे पुसले, मग माझं नाव विचारलं.

मूळच्या त्या अमरावतीच्या. लग्न होऊन पस्तीस वर्षांपूर्वी इकडे आल्या. काका आंब्यावर पडणाऱ्या किडींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, आता निवृत्त. बोलणं कमी. सकाळी व्हरांड्यात बसून भिंगातून पानं बघायचे. सिनेमा त्यांना अजिबात चालायचा नाही. "अंधारात बसून खोट्या माणसांसाठी रडायचं?" एवढंच म्हणायचे. काकू म्हणायच्या, "तुम्ही किड्यांसाठी चाळीस वर्षं घातली, मी काही बोलले का?" यावर काका हसायचे. त्यांचं हसू म्हणजे चष्मा काढून पुसणं.

एकुलता एक मुलगा दिल्लीजवळ नोकरीला होता. लखनौत वाढलेला, मराठी सगळं समजायचं, पण बोलायचा हिंदीत. आईला मात्र 'आई'च म्हणायचा.

माझी सुट्टी असली की दुपारी जिन्यातून हाक यायची, "काऊन गं, रिकामी आहेस ना? तीनचा शो आहे." तीनचाच का, तर काका जेवून झोपलेले असायचे, आणि साडेसहाला त्यांच्या चहापर्यंत परत येता यायचं. आम्ही सगळं बघितलं. दक्षिणेकडचे हिंदीत आणलेले मारामारीचे, भुतांचे, लहान मुलांचे कार्टूनचेसुद्धा. कार्टूनला थिएटरभर पोरं आणि मधे आम्ही दोघी. कुठलाच सिनेमा त्यांना टाकाऊ वाटायचा नाही. मी वैतागून म्हणाले, "काकू, काय भंगार होता हो," तर म्हणायच्या, "सिनेमा वाईट नसतो गं. आपण चुकीच्या दिवशी गेलो, एवढंच."

एकदा टीव्हीवर दुपारी त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला एक सिनेमा लागणार होता. नेमकी आमच्या सेक्टरची लाईट गेली. काकूंनी तेलीबागच्या एका मैत्रिणीला फोन करून तिच्याकडे वीज आहे ना ते विचारलं, आणि शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोन ई-रिक्षा बदलून गेल्या. पोचल्या तेव्हा शेवटचा अर्धा तास राहिला होता. संध्याकाळी परत आल्या त्या विजयी चेहऱ्याने. "अर्धा तास मिळाला ना! बाकीचा तर पाठच आहे." मग त्या पाठ असलेल्या भागाची सगळी कथा त्यांनी मला सांगितली. पुढे मी तो सिनेमा पाहिला, तर त्यात काकूंनी सांगितलेल्यातलं निम्मं नव्हतंच.

इथवरचं मी तुम्हाला सहज सांगू शकते. पुढचं सांगायला मला बराच काळ लागला.

जानेवारीतला एक दिवस होता. लखनौची थंडी, चार दिवस सूर्य दिसलेला नव्हता आणि त्या दिवशी जरा ऊन पडलं होतं. मला सुट्टी होती. लग्नघराच्या गोंधळावरचा एक विनोदी सिनेमा आला होता, त्याची दोन तिकिटं मीच फोनवर काढून ठेवली होती. अडीच वाजता खाली गेले तर काकू शाल घेऊन दारात उभ्या होत्या, पण चप्पल घातलेली नव्हती.

"आज राहू दे का गं? यांना सकाळपासून बरं वाटत नाहीये. छातीत जळजळतंय म्हणतात."

काका व्हरांड्यात उन्हात खुर्ची टाकून बसले होते. "जा तू," ते म्हणाले. "काल रात्रीची छोले-पुरी बाधलीय. पडून राहिलो की बरं वाटेल."

काकू तरीही उभ्याच. तेव्हा मी म्हणाले, "चला हो काकू, तीन तासांचा तर प्रश्न आहे."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणाचं नाही.

सिनेमा खरंच मजेदार होता. थिएटर भरलेलं होतं, लोक खुर्च्यांवर उसळून हसत होते. मध्येच काकूंचा फोन वाजला. त्यांच्या फोनचा आवाज मोठा, एका जुन्या आरतीची धून. पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून म्हणाला, "अरे आंटी, यार!" काकूंना पर्समधून फोन काढता येईना. मी तो काढून घेतला, आवाज बंद केला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. "यांचाच असेल," त्या कुजबुजल्या. मी म्हणाले, "चहाची पत्ती सापडत नसेल. इंटरवलमध्ये करा."

इंटरवलमध्ये काकू बाथरूमला गेल्या. मी पॉपकॉर्नच्या रांगेत उभी राहून माझा फोन काढला, बँकेतल्या एका मैत्रिणीला मेसेज केला. पर्समध्ये काकूंचा फोन होता. त्याच्यावर नजर पडली. चार मिस्ड कॉल. चारही काकांचे.

मी ते वाचलं. मला आठवतं, मी काय विचार केला. काकूंना सांगितलं तर त्या फोन करतील, काका काहीतरी म्हणतील, आणि काकू घरी जायला निघतील. उरलेला सिनेमा राहील. मी पर्सची चेन ओढून घेतली.

आम्ही परत आलो तेव्हा साडेसहा वाजत आले होते. काका व्हरांड्यातल्या खुर्चीतच होते. ऊन गेलं होतं. फोन मांडीवर पडला होता. काकूंनी आधी त्यांच्या अंगावर शाल घातली, "इतक्या थंडीत झोपलात का हो," म्हणत. मग त्यांचा हात धरला आणि तो सोडलाच नाही.

गल्लीतले डॉक्टर आले. हृदयाचा झटका, म्हणाले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, लवकर कळलं असतं तर? ते म्हणाले, "कह नहीं सकते." त्यानंतर मी आणखी दोन डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. माझी अडचण अशी की, हे उत्तर दोन्ही बाजूंनी वाचता येतं.

मुलगा रात्रीच गाडी घेऊन आला. सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तो वडिलांचा फोन हातात घेऊन आईसमोर बसला. मी चहा घेऊन आले होते.

"पापा ने चार बार फ़ोन किया, आई. आप कहाँ थीं?"

"सिनेमाला."

"पिक्चर देख रही थीं आप?" त्याने आवाज चढवला नव्हता, पण चढवला असता तर बरं झालं असतं. "फ़ोन साइलेंट किसने किया?"

"मी," काकू म्हणाल्या.

माझ्या हातात ट्रे होता.

"और इंटरवल में भी नहीं देखा?"

"नाही पाहिला. पर्समध्येच राहिला."

मुलाने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कप खाली ठेवले. "मुझे क्यों नहीं किया उन्होंने," असं काहीतरी स्वतःशी पुटपुटत तो उठून बाहेर गेला. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "साखर कमी झालीय गं."

दोन-अडीच महिने काकू खाली आणि मी वर. भाजी आणून देत होते, औषधं आणून देत होते. टीव्ही बंद होता. त्या दिवसाबद्दल कधीच काही बोलणं झालं नाही.

मग मार्चमधल्या एका रविवारी दुपारी त्या जिना चढून माझ्या खोलीत आल्या. हातात कागदाचा तुकडा होता. त्यावर पेन्सिलने चारही कॉलच्या वेळा लिहिलेल्या होत्या. तीन बावन्न, तीन चोपन्न, चार तीन, चार अकरा.

"तो सिनेमा आता घरी बघता येतो म्हणतात. तुझ्या लॅपटॉपवर लाव."

"काकू, कशाला?"

"मला बघायचंय, ते फोन करत होते तेव्हा आपण काय बघत होतो."

इंटरवल किती वाजता झाला हे आम्हाला माहीत होतं, कारण मैत्रिणीला केलेल्या माझ्या मेसेजवर वेळ होती. चार बावीस. मेसेज मी इंटरवल होताच केला होता. तिथून काकूंनी मागे मोजलं. गणितात त्या पक्क्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. इंटरवलच्या आधी तीस मिनिटांवर मी चित्र नेलं. नवऱ्या मुलाचा मामा शेरवानी उलटी घालून सगळ्यांसमोर येतो, तो प्रसंग.

"इथे पहिला," काकू म्हणाल्या.

मग दुसरा. मग आणखी पुढे, आचारी रुसून बसतो तिथे तिसरा. चार अकराला पडद्यावर काय होतं? वरात चुकीच्या घरी जाते. थिएटरमध्ये सगळ्यात मोठा हशा इथे झाला होता. मला तो आठवत होता. काकूंनी हसता हसता माझा दंड धरून त्याला डोकं टेकवलं होतं.

लॅपटॉपवर माणसं नाचत होती, बँड वाजत होता. काकू जराही न हलता बघत होत्या. "आपण हसत होतो," त्या म्हणाल्या. "हे चौथ्यांदा फोन लावत होते, आणि आपण हसत होतो."

इंटरवलची पाटी आली. मी सिनेमा थांबवला. त्या क्षणी मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. पॉपकॉर्नची रांग, चार मिस्ड कॉल, पर्सची चेन. रडत नव्हते, बहुतेक रडले असते तर सांगता आलं नसतं.

काकू म्हणाल्या, "मला कळलं होतं."

"कसं?"

"तू पॉपकॉर्न घेऊन आलीस तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस. एरवी तू येताना चिवचिव करत येतेस." त्यांनी तो कागद घडी करत करत अगदी एवढासा केला. "मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, परत फोन आला का गं म्हणून. नाही विचारलं. मला पुढचा सिनेमा बघायचा होता बाप्पा. लई हसायला येत होतं."

"मी त्याला सांगते. तुमच्या मुलाला."

"नको." एवढ्या ठामपणे त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "माझ्यावर राग धरून का होईना, तो रोज फोन करतो. पाच मिनिटं बोलतो. तुझं कळलं तर त्याला दोघींचा राग सांभाळावा लागेल. तेवढी ताकद नाही त्याच्यात, बापावर गेलाय."

त्यांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं. इतकी आज्ञाधारक मी आयुष्यात कधी नव्हते. त्यांचं नको म्हणणं माझ्या किती सोयीचं होतं, हे मला त्याच दिवशी समजलेलं होतं.

उन्हाळ्यात मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. खालचं घर बंद केलं, मी वरच राहिले. दर रविवारी मी फोन करायची. सून चांगली आहे, म्हणायच्या. बाल्कनीत कबुतरं फार आहेत, म्हणायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, सिनेमा?" तर म्हणाल्या, "इथे कोणी बघत नाही गं." आणि लगेच विषय बदलला, निशातगंजच्या बाजारात हिरवे हरभरे आले का विचारू लागल्या. फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी मी ठरवायची, या आठवड्यात मुलाला सांगायचं. नंबर माझ्याकडे होता. एकदा लावलासुद्धा. त्याने उचलला, "हाँ दीदी, बोलिए," म्हणाला, आणि मी पाण्याच्या मोटरबद्दल काहीतरी विचारलं.

काकू दीड वर्ष तिथे होत्या. डिसेंबरात न्यूमोनिया झाला, आठ दिवस दवाखान्यात होत्या. मी रजा टाकून निघायच्या तयारीत होते तोवर मुलाचा मेसेज आला.

पुढे महिन्याभराने तो घर आवरायला लखनौला आला. एकटाच. दोन दिवस खालून भांड्यांचे, कपाटांचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले. तो काकांची पुस्तकं खोक्यात भरत होता. मी त्याला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. तिकिटं कोणी काढली, कोण चला म्हणालं, फोन कोणी घेतला, इंटरवलमध्ये काय झालं. लॅपटॉपवर आम्ही वेळा कशा लावल्या तेही.

तो खोक्यावरच बसला होता. हातात चिकटपट्टी होती, तिचं टोक नखाने सोडवत होता.

"अब बता रही हैं, दीदी?"

मी जमिनीवरची दोन पुस्तकं उचलून टेबलावर ठेवली.

"पिछले साल उनके बर्थडे पर," तो म्हणाला, "मैंने पूछा था, आई, क्या चाहिए? बोलीं, एक पिक्चर दिखा दे." चिकटपट्टीचं टोक त्याला सापडत नव्हतं. "मैंने कहा, फिर से? बस, इतना ही कहा था. फिर उन्होंने कभी नहीं बोला."

बाहेर भाजीवाल्याची हाक येऊन गेली. तो उठला, खोकं बंद केलं. मला वाटलं, आता जा म्हणेल. तो म्हणाला, "कौन सी पिक्चर थी?"

मी नाव सांगितलं. त्याने फोनमध्ये लिहून घेतलं. संध्याकाळी टेम्पो आला, सामान गेलं. जाताना त्याने मला नमस्कार केला, माझ्याकडे न बघता. घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत मी वर राहिले तरी चालेल, एवढं सांगून गेला.

तीन आठवड्यांनी, रविवारी, त्याचा मेसेज आला.

"इंटरवल तक देखी, दीदी. आगे नहीं देख पाया. आगे क्या होता है, आप बता दीजिए."

मी उत्तर लिहायला बसले आणि मला काहीच आठवेना. लग्न लागतं की मोडतं, वरात योग्य घरी पोचते की नाही, काहीच नाही. दीड तास मी उघड्या डोळ्यांनी त्या पडद्यासमोर बसले होते आणि त्यातलं एकही चित्र माझ्यापाशी नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या काकू तेवढ्या आठवत होत्या. तोंडावर पदर धरून हसणाऱ्या, मध्येच माझ्या हातातल्या पुड्यातून चार दाणे उचलणाऱ्या.

मी लॅपटॉप उघडला. खालचं घर रिकामं होतं, त्यामुळे आवाज नको तितका घुमत होता. इंटरवलनंतरचा सिनेमा मी पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघितला. मग त्याला सगळं नीट लिहिलं. हिंदीत, प्रसंगामागून प्रसंग, मामाचं काय होतं, आचाऱ्याचं काय होतं, नवरीचे वडील शेवटी कोणाची माफी मागतात. त्याने विचारलं नव्हतं तरी खाली आणखी एक ओळ लिहिली, की आई शेवटच्या पाट्या संपेपर्यंत बसून होत्या.

दोन निळ्या खुणा उमटल्या. वर 'टाइपिंग' असं दिसलं, गेलं, परत दिसलं. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग तेही दिसेनासं झालं.